अनुसयामावशीचा निरोप

एकशे सत्तेचाळीस नंबरचा ठिपका एकोणीस मिनिटं जागचा हलला नव्हता.

ठिपका पाच मिनिटं हलला नाही की हिरव्याचा पिवळा व्हायचा आणि पंधरा मिनिटांनी लाल. लाल झाला की समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लुकलुकायला लागायचा आणि खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष तिकडं जायचं. मग तो प्रभाग ज्याच्या टेबलाकडं असेल त्यानं त्या घड्याळाला फोन लावायचा, असा नियम होता. प्रभाग सहा माझ्याकडं होता.

"लावताय ना मॅडम?" शेजारच्या टेबलावरून प्रतीक म्हणाला. "जुन्या टपाल कचेरीच्या मागं बसलंय बघा कुणीतरी. आराम चाललाय."

मी बटण दाबलं. असे फोन स्पीकरवरच घ्यायचे असत.

"एकशे सत्तेचाळीस, कंट्रोल रूममधून बोलतोय. एका जागी का थांबलात?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग आवाज आला.

"थांबू नको तं काय करू बाबा? मुतायला जागा बगाया लागले. सगळीकडं मानसं. या भिताडामागं आले तं इथं बी एक मोटारसायकलवाला हुबा. त्यो जाईस्तोवर थांबले. आता लिव्ह तुझ्या कागदावर, मुतायला गेली म्हनून. सायबाला बी सांग."

खोलीत एकदम हशा पिकला. आम्ही सहाजण होतो तिथं. प्रतीक तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. "कारणाच्या रकान्यात काय टाकणार मॅडम?" तो म्हणाला. रकान्यात चारच पर्याय होते. आजारी, गाडी बिघडली, पाणी पिण्यासाठी, इतर. मी 'इतर' निवडलं.

आणि मीही हसले.

तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. ती अनुसयामावशी होती. आमच्या वस्तीत आमच्या मागच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. घड्याळाचा नंबर तिचा, हे ठाऊक असल्यानं मी आधीच मुद्दाम "बोलतोय" असं म्हटलं होतं, जरा घोगऱ्या आवाजात, तिनं मला ओळखू नये म्हणून. तिनं जर "ज्योत्स्ना का गं?" असं विचारलं असतं, तर त्या खोलीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

माझी आई, द्रुपदाबाई खिल्लारे, हिनं बावीस वर्षं याच शहराचे रस्ते झाडले. माझ्या दहावीच्या वर्षी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. दोन महिने कामावर गेली नाही तर नाव कमी होणार होतं. तेव्हा अनुसयामावशी पहाटे चारला उठून आधी आईची गल्ली झाडायची, मग स्वतःची. मुकादम विचारायला आला की म्हणायची, "द्रुपदा आत्ताच पुढं गेली बगा." दोन महिन्यांत एक दिवस तिनं खाडा केला नाही. मी त्या वर्षी पास झाले, पुढं बी.कॉम. झाले, संगणकाचा कोर्स केला. महापालिकेनं सफाईचं काम एका कंपनीला दिलं, कंपनीनं सगळ्या कामगारांच्या मनगटाला घड्याळं बांधली आणि त्या घड्याळांवर नजर ठेवायला मुलं-मुली घेतली. त्यात मी लागले. गळ्यात ओळखपत्र, थंडगार खोली, फिरती खुर्ची. घरचे काय करतात असं कुणी विचारलं की मी सांगायची, "आई रिटायर आहे. पालिकेत होती." हे खोटं नव्हतं. समोरच्याला वाटायचं, कारकून असेल.

वस्तीत मात्र माझं फार कौतुक होतं. अनुसयामावशी सगळ्यांना सांगायची, "आपली ज्योत्स्ना हाय ना तिथं. आता मुकादमाची दादागिरी चालायची न्हाई."

त्या हशाच्या दिवसानंतर आठवड्याभरानं कुलथे सरांनी मला आत बोलावलं. ते कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर. चाळिशीचे, अतिशय सभ्य. कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मुलींना 'ताई' म्हणायचे, पाण्याचा ग्लास स्वतः पुढं करायचे.

"बसा ज्योत्स्नाताई. एक नाजूक काम आहे, म्हणून तुम्हाला सांगतोय." त्यांनी त्यांचा संगणक माझ्याकडं वळवला. "आपल्या घड्याळात एक सोय आहे. आपण इथून चालू केली की तिकडचं बोलणं ऐकू येतं. घड्याळ वाजत नाही, दिवा लागत नाही. मुळात सुरक्षेसाठी आहे. एखाद्या बाईला रस्त्यात कुणी त्रास दिला तर."

"हो सर."

"पुढच्या शुक्रवारी राज्याची पाहणी समिती येतेय. स्वच्छतेचे गुण त्यावर ठरणार. आणि कानावर असं आलंय की प्रभाग सहाच्या बायका त्या दिवशी काहीतरी गडबड करणार आहेत. साडेदहाला त्या पाण्याच्या टाकीखाली भाकरी खायला बसतात. तेवढा अर्धा तास ऐकायचं आणि रोज मला लिहून द्यायचं."



"मुलांना सांगितलं असतं," ते म्हणाले, "पण बायकांचं खाजगी बोलणं मुलांनी ऐकणं मला बरं वाटत नाही. तुम्ही बाई आहात. आणि हो, एकतीस तारखेला तुमचा करार संपतोय ना? कायम करण्याच्या यादीत तुमचं नाव पाठवतोय मी."

मी "बरं सर" म्हटलं. नाही म्हणता येतं, हे त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पहिल्या दिवशी हेडफोन लावला तेव्हा आधी आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं. पण पाच मिनिटांत मी रमले, हे कबूल केलं पाहिजे. डबे उघडल्याचा आवाज, कुणीतरी ठेचा वाटून आणलेला, छबूबाईच्या सुनेच्या तक्रारी, जिजाबाईचा ठसका. अनुसयामावशी मुकादमाच्या चालण्याची नक्कल करून दाखवत असणार, कारण सगळ्या हसत होत्या आणि मध्येच कुणीतरी म्हणालं, "आगं बाई, अगदी तसाच, ढुंगान मागं ठिवून!" मला खुदकन हसू आलं. प्रतीकनं विचारलं, "गाणी ऐकताय का मॅडम?" मी मान हलवली.

कागदावर लिहिलं, 'आक्षेपार्ह काही नाही.'

दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. कुलथे सरांनी कागद वाचला आणि शांतपणे परत दिला. "ताई, 'काही नाही' असं नसतं. जे ऐकलं ते लिहायचं. काय महत्त्वाचं ते मी बघेन. नाहीतर मला रेकॉर्डिंग काढून सगळ्या टीमसमोर लावावं लागेल, म्हणजे सगळे मिळून ठरवतील."

तिसरा दिवस मंगळवार होता.

डबे उघडले. आज हसणं नव्हतं. छबूबाई बोलायला लागली.

"मी काय म्हनते, हे घड्याळ ऐकतं म्हनं. माझा भाचा सांगत होता. आपन काय बोलतोय ते सगळं तिकडं जातं."

"काय तर बोलती," जिजाबाई म्हणाली.

"न्हाई, खरंच. काढून ठिवू का बाजूला?"

"काढलं तं लगीच लाल दिवा लागतो अन् खाडा पडतो." हा अनुसयामावशीचा आवाज. "आन् ऐकत आसतं तं मला कळलं नसतं का? तिथं कोन बसलंय ठावं हाय ना? द्रुपदाची पोरगी बसलीय. आपल्या वस्तीतली, माझ्या मांडीवर खेळलेली. तसं काई आसतं तं पळत येऊन सांगितलं नसतं तिनं? त्या पोरीच्या जिवावर मी बिनघोर हाय. बोला तुमी."

मी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला होता, जणू तो आवाज बाहेर सांडेल.

मग त्या बोलल्या. शुक्रवारी समिती यायच्या आधी, सकाळी सातच्या हजेरीला, सगळ्यांनी आपापलं घड्याळ काढायचं, एका घमेल्यात टाकायचं आणि ते घमेलं आयुक्तांच्या दारात नेऊन ठेवायचं. काम बंद करायचं नाही. झाडू घेऊन नेहमीसारखं कामावर जायचं, फक्त घड्याळाशिवाय. "आमी काम करतो का न्हाई ते रस्ता बगून ठरवा," अनुसयामावशी म्हणाली. "मनगट बगून नगं. जनावराच्या गळ्यात लोढनं बांधल्यागत हे बांधलंय. मुतायची चोरी झाली." चौघी पुढं होणार होत्या. अनुसयामावशी, छबूबाई, जिजाबाई आणि रुक्मिणी म्हणून एक होती ती.

"सुनंदा, तू?" कुणीतरी विचारलं.

सुनंदा त्यांच्यात सगळ्यात लहान, तिशीची. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, आठ वर्षांची मुलगी पदरात. तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

"मला नका ओढू ताई," ती म्हणाली. "माझी श्रावस्ती ल्हान हाय. माझं काम गेलं तं आमी दोघी कुटं जाऊ? मी कुनाला सांगनार न्हाई. पन मला नका ओढू."

"बरं बाई," अनुसयामावशी म्हणाली. "जबरी न्हाई."

मी सगळं लिहिलं. दिवस, वेळ, घमेलं, आयुक्तांचं दार. चार नावं, पुढं घड्याळांचे नंबर. टाईप करून, छापून, स्वतः कुलथे सरांच्या टेबलावर नेऊन दिलं.

"सगळं यात आलंय सर," मी म्हणाले. "शब्दन् शब्द. रेकॉर्डिंग ऐकायची गरज नाही."

त्यांनी कागद वाचला. मग चष्मा काढला आणि माझ्याकडं बघून हसले. फार प्रेमळ हसले.

"ऐकलंय मी रेकॉर्डिंग. आत्ताच. मी रोजच ऐकतो. तुम्ही किती लिहिताय तेवढंच बघायचं होतं."



"वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याबद्दल किती विश्वासानं बोलतात हो त्या! मला तेच हवं होतं. तुमच्या अर्जावर आईच्या व्यवसायाच्या रकान्यात 'सफाई कामगार' वाचलं, तेव्हाच ठरवलं होतं मी, या मुलीला घ्यायचं. तुम्ही तिथं बसलाय म्हणूनच त्या मोकळ्या बोलतात." त्यांनी ग्लास पुढं केला. "पाणी घ्या."

मी ते पाणी प्यायले.

नोकरीसाठी मी लिहून दिलं, असं पुढं कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होते. ते खरं असतं तर बरं झालं असतं. पोटासाठी माणूस काय काय करतो, वस्तीत ते कुणालाही समजलं असतं. पण मी लिहिलं ते एवढ्यासाठी, की ते रेकॉर्डिंग प्रतीकनं आणि त्या बाकीच्यांनी ऐकू नये. 'माझ्या मांडीवर खेळलेली' हे त्यांच्या कानावर पडू नये. भिंतीमागं मुतायला बसणारी ती बाई माझी कुणी लागते, हे त्या खोलीत कळू नये. तेवढ्यासाठी मी चार बायकांची नावं दिली. आणि ज्याच्यापासून लपवायला हवं होतं, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी सातला त्या चौघी हजेरीला गेल्या तेव्हा त्यांची घड्याळं बंद झालेली होती. नुसता काळा पडदा. मुकादम म्हणाला, यादीत तुमचं नावच नाही, घड्याळ जमा करा. शुक्रवारी समिती आली, बाकीच्या बायका मनगटाला घड्याळं बांधून रस्त्यावर उभ्या राहिल्या, शहराला चांगले गुण मिळाले. ऑफिसात पेढे वाटले.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी आले तर अनुसयामावशी आणि छबूबाई आमच्याकडं बसल्या होत्या. आई खाटेवर. तिचे गुडघे तेव्हाच गेले होते. मावशी भिंतीला टेकून बसली होती आणि सारखं डावं मनगट चोळत होती.

"आली गं बाई लेक," ती म्हणाली. "चा टाक आदी तिला द्रुपदा, दमून आली आसंल." मग माझ्याकडं वळली. "ज्योत्स्ना, एक इचारू? खरं सांगशील?"

मला वाटलं, कळलं हिला.

"तुमच्या हापिसात कुनीतरी जाऊन सांगितलं. चारच नावं, बराबर चार. ज्या चौघी बोललाव त्याच. जी न्हाई म्हनली तिचं तेवढं नाव न्हाई. हे कसं?"

छबूबाई उसळून म्हणाली, "कसं काय इचारती? सुनंदीनंच केलं. पोरीचं नाव पुढं करून कडंला झाली अन् दुसऱ्या दिशी जाऊन सांगितलं. मी तं तिचं तोंड बगनार न्हाई."

"थांब छबू. मला उगा कुनावर आळ घ्यायचा न्हाई," अनुसयामावशी म्हणाली. तिचे डोळे माझ्यावर होते. त्यात संशयाचा लवलेश नव्हता, तेच मला सोसवेना. "तुला तिथं कळत आसंल बाळा. सायबाकडं कोन आलं, कोन गेलं. सुनंदाच व्हती का?"

आईही माझ्याकडं बघत होती.

मी पाठीवरची पिशवी काढून खुंटीला अडकवली. त्याला जितका वेळ लागतो तेवढाच वेळ मला मिळाला.

"असेल," मी म्हणाले.

एवढंच. आणि आत जाऊन तोंड धुतलं.

सुनंदाचं पुढं काय झालं ते मी रोज डोळ्यांनी पाहिलं. नळावर तिची घागर रांगेतून बाजूला सरकवली जायची. भाकरी खाताना ती टाकीपासून दूर एका झाडाखाली एकटी बसायची, पडद्यावर मला तिचा ठिपका वेगळा दिसायचा. श्रावस्तीशी पोरं खेळेनात. सुनंदा प्रत्येकीच्या दारात जाऊन म्हणाली, "मी न्हाई सांगितलं, बाबासाहेबांची शप्पत." शपथ घेतली तर लोकांना ती जास्तच खोटी वाटली. चौदा एप्रिलला वस्तीचं जेवण असतं. त्या पंगतीत ती मुलीला घेऊन बसली, तर दोन्हीकडच्या बायका उठून दुसऱ्या ओळीत गेल्या. मी वाढत होते. मी तिच्या पानात बुंदी वाढली, श्रावस्तीच्या पानात दोनदा वाढली. सुनंदानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू तरी हाईस," ती हळूच म्हणाली.

महिन्याभरात ती वस्ती सोडून दुसऱ्या तालुक्याला, भावाकडं निघून गेली. मीही त्याच उन्हाळ्यात नोकरी सोडली. कायम करण्याचं पत्र आलं होतं, तरी सोडली. लोक म्हणाले, डोकं फिरलंय पोरीचं. त्यात काही मोठेपणा नव्हता. हेडफोन कानाला लावला की मावशीचं 'बिनघोर हाय' ऐकू यायचं, एवढंच. पुढं मी एका खाजगी शाळेत संगणक शिकवायला लागले. अजून तिथंच आहे. अनुसयामावशी घरोघरी धुणीभांडी करायला लागली. माझ्याशी तशीच प्रेमानं वागत राहिली. माझ्या लग्नात तिनं मला हळद लावली.

आठ वर्षं गेली. मागच्या पावसाळ्यात मावशी आजारी पडली ती उठली नाही. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. आई दारात बसली होती. माझा हात धरून म्हणाली,

"शेवटी शेवटी सारखं सुनंदाचं नाव घेत होती गं. म्हनायची, मी त्या पोरीला तळतळाट दिले, तिचं बी लेकरू ल्हान व्हतं, भ्याली आसंल. मला म्हनली, द्रुपदा, तिला निरोप दे, अनुसयानं तुला माफ केलं म्हनून. मनात काई ठिवलं न्हाई म्हनून." आईनं पदरानं डोळे पुसले. "माझ्यानं काई जानं व्हत न्हाई. तू जा. मेलेल्या मानसाचा निरोप हाय, फोनवर सांगायचा न्हाई. तोंडानं सांग."

मी गेले. बसमध्ये तीन तास मनाशी एकच वाक्य घोकत होते. अनुसयामावशीनं तुला माफ केलं. तेवढंच सांगायचं, चहा घ्यायचा आणि निघायचं. वाटलं, तिलाही बरं वाटेल. एकदाचं मिटेल.

सुनंदा शाळेत पोषण आहार शिजवायचं काम करत होती. दोन खोल्यांचं घर, बाहेर तुळस नि कढीपत्ता. केस पांढरे झाले होते तिचे. मला ओळखायला क्षणभर लागला आणि मग तिनं मला मिठीच मारली.

"ज्योत्स्ना! वस्तीतलं कुनीतरी आलं गं माझ्याकडं! आठ वर्सांत कुनी उंबरा वलांडला न्हाई. श्रावस्ती, ये बाहेर, बघ कोन आलंय. ही ज्योत्स्ना. तुला दोनदा बुंदी वाढली व्हती बघ."

आतून सोळा वर्षांची मुलगी आली. उंच, कपाळाला आठी. हातात वही. "नमस्ते" म्हणून दारातच टेकून उभी राहिली. सुनंदानं चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली, माझ्या मुलाचं वय विचारलं. मी चहाला हात लावला नाही.

"अनुसयामावशी गेल्या," मी म्हणाले. "महिना झाला."

"आई गं!" ती मटकन खाली बसली.

"त्यांनी तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. म्हणाल्या, सुनंदाला सांगा, मी तिला माफ केलं. मनात काही ठेवलं नाही."

सुनंदा माझ्याकडं बघत राहिली.

"माफ?" ती म्हणाली. "कशाचं?"

मी बिस्किटांची बशी जराशी बाजूला सरकवली.

"मी काई केलंच न्हाई तं माफी कशाची घेऊ गं? मरताना बी तिला मीच वाटले?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "मी कुनाला सांगितलं न्हाई. ऐकून घेतलं अन् गप बसले, एवढीच माझी चूक."

"आई, बास ना आता!" दारातली मुलगी एकदम म्हणाली. "घे ना ती माफी. किती वर्षं तेच तेच. केलं असशील तर केलं असशील, मी लहान होते, तुझाही नाइलाज होता. मी कधी काही म्हटलं का तुला? त्या माफ करतायत, तर घे आणि संपव."

सुनंदानं वळून मुलीकडं पाहिलं. ते बघणं मी विसरू शकत नाही. वस्तीनं काय म्हटलं ते तिनं सोसलं होतं. हे तिला ठाऊक नव्हतं.

"तुला बी तसंच वाटतं?" तिनं विचारलं.

मुलगी वहीकडं बघत राहिली.

"तुझ्या आईनं केलं नाही," मी म्हणाले. "मी केलं."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं. सुनंदाला आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं. घड्याळातून बोलणं कसं ऐकू यायचं, मी कशी ऐकत बसायची, नावं कशी लिहून दिली. श्रावस्ती दारातून आत येऊन माझ्यासमोर खाली बसली. मध्येच तिनं विचारलं,

"तुम्ही आईचं नाव साहेबाला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग सगळ्यांना आईच का वाटली?"

"मावशीनं मला विचारलं, सुनंदाच होती का. मी म्हटलं, असेल."

"आणखी काय म्हणालात?"

"काही नाही. तेवढंच."

ती आपल्या आईकडं वळली. "एवढ्यावर?" ती म्हणाली. "आई, एवढ्यावर?" आणि तिचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. ती सरकत सरकत आईपाशी गेली आणि तिच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागली. सुनंदा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

मी बऱ्याच वेळानं उठले. चप्पल घालताना मागून तिचा आवाज आला.

"ज्योत्स्ना."

मी थांबले.

"वस्तीत सांगितलंस हे?"

"नाही."

"द्रुपदाताईला?"

"नाही."

"शेवटची गाडी पाचला हाय," ती म्हणाली. "आजच सांग."

रात्री आठला मी वस्तीत पोचले. आई दारातच बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"दिलास का गं निरोप? काय म्हनली?"

शेजारी छबूबाई होती, जिजाबाई होती. त्यांनी सरकून मला मध्ये बसायला जागा केली.

मी उभीच राहिले.